चिखलवालीचं जवाबी कार्ड

नागूबाईंचं पत्र मला त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र म्हणजे जवाबी कार्ड होतं. एक कार्ड मला लिहिलेलं, आणि त्याला जोडलेलं दुसरं कोरं, ज्यावर मी उत्तर लिहून नुसतं पेटीत टाकायचं. कोऱ्या कार्डावर पत्तासुद्धा आधीच घातलेला होता : ‘नागूबाई, झाडपाला औषधवाली, मार्फत कंट्रोलरसाहेब, एस.टी. स्टँड, टेंभुर्णी.’ म्हणजे माझ्याकडे काम उरलं होतं ते एका ओळीचं. त्या ओळीला मला चार वर्षं लागली.

मी तेव्हा सोलापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. सबंध आयुष्य पुस्तकांजवळ बसून काढलं की त्यातलं काहीतरी आपल्यालाही येतं असा भ्रम होतो. तशा भ्रमात मी इथल्या एका दैनिकात दर रविवारी विज्ञानावर चार परिच्छेद लिहीत असे. समोर माणूस असला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण कागदासमोर मी मोठा शूर. एका रविवारी मी लिहिलं की गजकर्णावर रस्त्याच्या कडेला जो झाडपाला विकतात तो निव्वळ चिखल आहे, आणि उदाहरण म्हणून टेंभुर्णीच्या स्टँडवर बसणाऱ्या एका बाईचा उल्लेख केला. ती बाई मी एसटीच्या खिडकीतून पाहिली होती. गाडी तिथं दहा मिनिटं थांबली होती. एवढाच माझा अभ्यास. ‘चिखल’ हा शब्द मात्र मला फार आवडला होता. तो सुचला तेव्हा मी स्वतःशी हसलोही होतो.

पत्र असं होतं : ‘साहेब, तुमचा पेपर हितं हाटेलात वाचून दाखवला. तवापासनं लोक मला चिखलवाली म्हनत्यात. टाकळ्याचं बी मला सासूनं दावलं, तिला तिच्या सासूनं. तुमी तपासून बगितलं आसंल तर तसं कळवा, मी उद्यापासनं बसनार न्हाय. तपासलं नसंल तर तेबी कळवा. नागूबाई.’ खाली त्याच अक्षरात, पण सरकारी भाषेत एक ओळ होती : ‘बाईंनी सांगितले तसे लिहिले आहे. जालिंदर, वाहतूक नियंत्रक.’

मी तपासलं नव्हतं. तपासायला माझ्याकडे चष्म्याशिवाय दुसरं साधन नव्हतं. तसं लिहावं म्हणून मी वेगळ्या कागदावर सात मसुदे केले. पहिला दोन ओळींचा होता, सातवा चार पानांचा झाला आणि त्यात बाईंचं नावच यायचं राहिलं. शेवटी कार्ड मी वनौषधींच्या एका जाडजूड ग्रंथात दुसऱ्या भागात ठेवून दिलं. त्यानंतर पुण्याला जायची वेळ आली की मी गाडीत स्टँडच्या उलट्या बाजूची खिडकी धरत असे. त्या अजून बसतात की माझी वाट बघून उठून गेल्या, हे मला बघायचं नव्हतं.

सत्याहत्तरच्या मे महिन्यात वच्छला तो ग्रंथ मागायला आली. वच्छला आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मी नोकरीत असताना तिला पुस्तकं काढून द्यायचो, आता निवृत्त झालोय तरी देतो, एवढाच फरक. कातडीवर गजकर्ण, नायटा उठवणाऱ्या बुरशीला आपल्याकडची कुठली झाडं रोखतात, असा तिच्या पीएच.डी.चा विषय. तोवर अकरा झाडं तपासून झाली होती आणि अकराही बुरशीनं पचवली होती, असं तीच हसत सांगायची.

तिनं ग्रंथ उघडला आणि कार्ड तिच्या मांडीवर पडलं. मला ते ओढून घेता आलं असतं. मी चष्मा पुसत बसलो.

‘आप्पा, हे काय?’

‘जुनं आहे ते.’

‘ते दिसतंय. पण हे दुसरं कार्ड कोरंच आहे की.’

मी म्हणालो, हो, कोरं आहे. मग तिला सगळं सांगितलं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसला नाही. माझी अपेक्षा होती की ती रागावेल. वच्छला म्हणाली, ‘मग तपासू की. टाकळा माझ्या यादीत नव्हताच. आता बारावा तोच घेते.’

अडचण एकच होती. तिच्याकडची बुरशी मेली होती. कॉलेजला सुट्टी लागलेली, खोलीतला उन्हाळा बेचाळीस अंशांवर, बशीत गजकर्णाच्या बुरशीऐवजी भाकरीवरची काळी बुरशी माजलेली. नवी बुरशी हवी तर रोगी हवा. ती हे बोलत असताना आतून माझ्या बायकोचा, मथुराबाईंचा आवाज आला.

‘त्यांना विचार, महिनाभर कुठं खाजवतायत ते.’

मला वाटलं जमीन दुभंगावी. धोतराची गाठ जिथं बसते तिथं, दोन्ही बाजूंना, चैत्रापासून मला गजकर्ण झालं होतं. डॉक्टरकडे जायला लाज वाटत होती. ज्या रोगाविषयी मी पेपरात चार परिच्छेद लिहिले होते तो आता माझ्या कमरेवर बसून माझंच वाचन करत होता. वच्छला मात्र एखाद्या मुलीला हवं ते खेळणं मिळावं तशी उजळली. तिनं घरी धावत जाऊन बोथट पातं उकळून आणलं, कागदाची पुडी केली, मला पडद्याआड पिटाळलं आणि बाहेरून सूचना द्यायला लागली. मधे नाही, कडेला खरवडा. कडेलाच ती जिवंत असते. जोर लावू नका. मी आतून प्रत्येक सूचनेला ‘बरं’ म्हणत होतो. मथुराबाई तिला चहा देता देता म्हणाल्या की लग्नात तांदूळ निवडायला सांगितलं होतं तेव्हाही हे असेच ‘बरं’ म्हणत होते.

बुरशी वाढवायची ती साखर, पेप्टोन नावाची प्रथिनांची पूड आणि आगराच्या जेलीत. आगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला डिंकासारखा पदार्थ. गार झाला की आपल्या घरच्या खरवसासारखा थरथरतो. कॉलेजची प्रयोगशाळा कुलपात होती, म्हणून जेली आमच्या घरी, मथुराबाईंच्या कुकरात, शिट्टीवर शिट्टी देऊन निर्जंतुक झाली. पुस्तकात लिहिलं होतं की बशा उबदार जागी ठेवाव्यात. ते पुस्तक सोलापुरात लिहिलेलं नव्हतं. आम्हाला थंड जागा शोधावी लागली. ती घरात एकच होती, रांजणामागचा कोपरा, जिथं ओलं गोणपाट असतं आणि जिथं मी दुपारी वाचत पडायचो. माझी जागा माझ्या बुरशीनं घेतली.

नवव्या दिवशी बशीत पांढरा, कापसासारखा एक ठिपका उगवला. पुढं तो रुपयाएवढा झाला. वच्छलेनं काचपट्टीवर घेऊन तिच्या घरच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि म्हणाली, अस्सल आहे. मला काय झालं कुणास ठाऊक, मला त्याचा अभिमान वाटला. आयुष्यात स्वतःचं असं मी काही वाढवलं नव्हतं. मथुराबाई रोज सकाळी विचारायच्या, ‘बाळ कसंय?’ आणि मी जाऊन बघून यायचो.

आता औषध हवं होतं. ते नागूबाईंचंच हवं, दुसऱ्या कुणाचा टाकळा चालणार नाही, यावर वच्छला ठाम होती. आणि ते मीच आणायचं, यावर मथुराबाई. मी दोन दिवस पोटदुखी काढली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसलो. टेंभुर्णी येईपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोकत होतो : त्या तिथं नसतील तर काय. नसतील तर मी त्यांना उठवलं, चार परिच्छेदांनी.

त्या होत्या. स्टँडच्या फाटकाशी, लिंबाच्या सावलीत, पोतं अंथरून. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. शेजारच्या उसाच्या रसवाल्यानं मला विचारलं, काय पायजे, आणि मी औषध म्हणताच ओरडला, ‘चिखलवाले, गिऱ्हाईक हाय गं.’ मी तिथंच वितळायच्या बेतात होतो. पण नागूबाई हसल्या. म्हणाल्या, ‘या की बाबा, चिखल घ्या. पेपरात आलेला चिखल हाय, साधासुदा न्हाय.’

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी काही सांगायच्या आत, स्टँडवरच्या दोन गाड्या भरतील एवढ्या लोकांसमोर, विचारलं, ‘कमरंला हाय न्हवं? चालनं सांगतंय.’ मग नाव विचारलं. माझं नाव पेपरात छापलेलं होतं, जोतीराम ननवरे, आणि तेच नाव त्यांनी चार वर्षांपूर्वी कार्डावर घालायला लावलं होतं. मी घाबरून आमच्या कॉलेजातल्या पुस्तकं बांधणाऱ्याचं नाव सांगितलं. वीरभद्रप्पा.

ही माझी दुसरी चूक. त्यांचं माहेर अक्कलकोटपलीकडचं निघालं. वीरभद्रप्पा म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा फुलला आणि त्या कन्नडमध्ये सुरू झाल्या. मला कन्नडमधला एकच शब्द येतो, हौदु, म्हणजे हो. तो मी प्रत्येक प्रश्नाला वापरला. नंतर पुड्या मोजल्यावर कळलं की मी बायकोलाही गजकर्ण आहे, सुनेलाही आहे आणि घरातल्या म्हशीच्या मानेवरही आहे, अशा तीन गोष्टी कबूल केल्या होत्या. आम्हाला सून नाही. म्हैस तर नाहीच.

शेवटी कशी लावायची ते त्यांनी मराठीत सांगितलं, कारण तिथं त्यांना चूक चालत नसावी. ‘पान्यात भिजवायची न्हाय. आंबट ताकात. गोडं ताक न्हाय, नाकाला झोंबंल आसं आंबट. तीन दिस भिजवा, मग वाटा. पान्यात भिजवून लावतील आन् मग मलाच चिखलवाली म्हनतील.’

मी हौदु म्हणालो. उठताना त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. ‘शाई हाय. लिवनारं मानूस दिसतायसा.’ मी हात धोतरात लपवला.

पुढचं सगळं वच्छलेनं आखलं. औषधाच्या बिया कुटून तीन भाग केले. एक भाग स्पिरिटात, एक साध्या पाण्यात, एक आंबट ताकात. तीन दिवसांनी तिन्हींचं पाणी गाळायचं. बुरशी पसरलेल्या जेलीत बुचांना भोक पाडायच्या नळीनं छोटी भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात एकेका पाण्याचे थेंब सोडायचे. औषधात दम असेल तर भोकाभोवती बुरशी येत नाही, स्वच्छ वर्तुळ राहतं. जेवढं वर्तुळ मोठं तेवढा दम जास्त. आणि चौथी बशी नुसत्या ताकाची. ती कशाला, असं मी विचारलं तेव्हा वच्छला म्हणाली की वर्तुळ औषधानं पडलं की ताकानं, हे कळायला नको का? मला हे इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून ठेवलं. चार परिच्छेद लिहिताना मला कुणी हे विचारलं असतं तर!

चौथ्या बशीची वेळ आली तेव्हा भिजवायचं ताक संपलं होतं. वच्छलेनं घरी जाता जाता मथुराबाईंना हाक मारली, काकू, बाटलीभर ताक द्या, न्यायचंय. त्यांनी दिलं. वच्छलेनं ते घरी नेऊन तिच्याकडच्या काचेच्या बारीक गाळणीतून गाळलं, थेंब सोडले, आणि बशा रांजणामागं गेल्या.

आठ दिवसांनी आम्ही गोणपाट उचललं. पाण्याची बशी : बुरशी काठापर्यंत. स्पिरिटाची : भोकाभोवती एक बारीक रेघ, असली तर. औषध घातलेल्या ताकाची : चांगलं ठळक वर्तुळ. मी हसायला तोंड उघडलं. मग वच्छलेनं नुसत्या ताकाची बशी उचलली. तिच्यातलं वर्तुळ औषधाच्या वर्तुळाच्या दुपटीहून मोठं होतं. त्या बशीत बुरशी जवळजवळ नव्हतीच.

वच्छला बराच वेळ पट्टी लावून बघत राहिली. मग म्हणाली, ‘आप्पा, हे ताकच आहे. टाकळ्याचा काही संबंध नाही. उलट टाकळ्यानं ताकाची ताकद कमी केली.’

तिचं खरं होतं, आणि बशी समोर होती. म्हणजे मी बरोबर होतो. औषध चिखलच होतं. चार वर्षं ज्याला घाबरत होतो ते उत्तर मला मिळालं होतं, तेही माझ्या बाजूनं. मला इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. त्या लिंबाखाली हसणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, तपासलं असेल तर कळवा, मी उद्यापासून बसणार नाही. आणि त्या तशा उठतील, ही मला खात्री होती. शब्दाला जागणारी माणसं चेहऱ्यावरून कळतात.

मी कोरं कार्ड काढलं आणि पेन्सिलीनं लिहिलं, ‘तपासलं. औषधात गुण आढळला नाही.’ पुढं काही सुचेना. तेवढंच घेऊन मी सात रस्ता चौकापर्यंत चालत गेलो आणि पोस्टाच्या पेटीसमोर उभा राहिलो. तिथं माझ्या मनात आलं की पेन्सिलीनं लिहिलेलं प्रवासात पुसलं जाईल. शाईनं लिहायला हवं. खरं सांगायचं तर शाई हे निमित्त होतं. मी असा उभा राहून परत फिरण्यात सगळा जन्म घालवला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

घरी आलो तर वच्छला स्वयंपाकघराच्या दारात उभी. मथुराबाई दोडका चिरत होत्या. मी दौत शोधत शोधत त्यांना सांगितलं की बाईंचं औषध खोटं ठरलं, नुसत्या ताकानंच सगळं काम केलं.

मथुराबाई म्हणाल्या, ‘नुसतं ताक कुठलं?’

वच्छलेनं मान वर केली.

‘न्यायचंय म्हणून तू मागितलंस. बाहेर न्यायचं ताक तसंच पांढरं फटक द्यायचं? काय म्हणतील लोक आमच्या घराला. मीठ घातलं, मिरचीचं बोट लावलं आणि चांगल्या आठ-दहा पाकळ्या लसूण ठेचून घातला. सोलापुरी मठ्ठा होता तो.’

मग वच्छला भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली घसरली आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला बोलता येईना. हातानं ती दाखवत होती, थांबा, थांबा. शेवटी एवढं म्हणाली की गाळताना लसणाचा वास आला होता, पण सकाळी तिनं शेंगाची चटणी कुटली होती, तिला वाटलं आपल्याच हाताला येतोय.

‘आणि लसूण बुरशीला मारतो?’ मी विचारलं.

‘आप्पा, तुमच्या त्या ग्रंथातच आहे. पहिल्या भागात.’

पहिला भाग मी कधी उघडलाच नव्हता. मी हसायला लागलो. मला आठवत नाही त्याआधी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कधी हसलो होतो. मथुराबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या आणि त्यांचं म्हणणं एकच होतं, की यात हसण्यासारखं काय आहे, मठ्ठ्यात लसूण घालतात हे माहीत नसलेली माणसं संशोधन करतात कशी.

मग खोडरबरानं मी कार्डावरची ओळ पुसली. घासून घासून पुसली तरी ‘आढळला नाही’ची खळी कागदावर राहिलीच.

आम्ही पुन्हा मांडामांड केली. या वेळी एकाच मडक्यातलं ताक. त्याचेच दोन भाग, एकात बिया, एकात काही नाही. दोन्ही तीन दिवस आंबट होऊ दिले. मडक्यावर मी चिठ्ठी चिकटवली : ‘यात काहीही घालू नये.’ मथुराबाईंनी खाली लिहिलं, ‘बरं.’ मग दोन्ही ताकांच्या तीन-तीन बशा झाल्या, आणि शिवाय वच्छलेनं एक जादा बशी मांडली, काकूंच्या मठ्ठ्याची, कारण आता तो प्रयोगाचा हक्काचा भाग झाला होता.

ते आठ दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी परीक्षेच्या निकालाला थांबलेल्या मुलासारखा रांजणाभोवती फिरत होतो. गोणपाट उचलायची मनाई होती. मी उचललं नाही, पण एकदा वाकून बघितलं, आणि मला काही दिसलं नाही. दरम्यान मी नागूबाईंचं औषध कमरेच्या फक्त उजव्या बाजूला लावत होतो. डावी बाजू तशीच. वच्छलेनं सांगितलं नव्हतं, हे माझं मीच ठरवलं होतं. मला वाटतं सबंध आयुष्यात मी आखलेला हा एकच प्रयोग. उजवी खाज सहाव्या दिवशी थांबली. डावी मला रात्रंदिवस आठवण करून देत होती की विज्ञान सोपं नाही.

आठव्या दिवशी पहाटे मी उठलो. वच्छलेची वाट बघायची ठरलं होतं. मी नाही पाहिली. गोणपाट बाजूला केलं, बशा उजेडाकडे धरल्या. नुसत्या ताकाची बशी पांढरीशुभ्र, काठापासून काठापर्यंत बुरशी, भोकाच्या तोंडावरसुद्धा. औषध घातलेल्या ताकाची : मध्ये भोक, भोवती स्वच्छ, चमकतं, गोल वर्तुळ. चंद्राला खळं पडतं तसं. मी दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. तिन्हींत तसंच.

मी बशी हातात धरून धावत सुटलो. धोतर अर्धं सुटलेलं, पायात काही नाही, आणि गल्लीत दूधवाला सायकलवरून उतरून भिंतीला चिकटून उभा राहिलेला. वच्छलेच्या दारात पोचलो तेव्हा ती रांगोळी घालत होती. मी नुसती बशी पुढं केली. तिनं रांगोळीच्या पांढऱ्या बोटांनीच घरातून पट्टी आणली, वर्तुळ मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग रांगोळीच्या डब्याकडे न बघता तो उलथून टाकला. आम्ही दोघं दारात त्या सगळ्या पांढऱ्यात उभे होतो आणि ती म्हणत होती, ‘बारावं, आप्पा. बारावं झाड.’

मग तिनं स्वतःला आवरलं. म्हणाली, आंबताना बियांतलं काहीतरी मोकळं होत असावं जे पाण्यात होत नाही. काय ते अजून कळायचंय. काचेत झालं म्हणजे कातडीवर झालंच असं नाही. मी उजव्या बाजूचं सांगितलं. तिनं डावी दाखवा म्हटलं नाही, एवढं मानलं पाहिजे. मठ्ठ्याच्या बशीत पुन्हा सगळ्यांत मोठं वर्तुळ होतं. मथुराबाईंना ते दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग त्यात एवढं नवल काय.

त्याच दिवशी मी पेपरच्या ऑफिसात जाऊन एक परिच्छेद दिला. चार नव्हे, एकच. संपादकांनी विचारलं, चार वर्षांनी दुरुस्ती? मी म्हणालो, हो. समोर माणूस असताना मी इतक्या चटकन बोलल्याचं मला नंतर रस्त्यावर आठवलं आणि थोडी भीती वाटली.

आणि कार्ड. या खेपेला मसुदा केला नाही. केला असता तर पुन्हा चार पानं झाली असती. खळी पडलेल्या जागेवरूनच शाईनं लिहीत गेलो :

‘नागूबाई, नमस्कार. त्र्याहत्तर साली तुम्ही विचारलंत की तपासलं होतं का. तपासलं नव्हतं. न तपासता लिहिलं. आता एका शास्त्र शिकलेल्या बाईंच्या मदतीनं तपासलं. तुमचं बी पाण्यात बुरशीला रोखत नाही, आंबट ताकात रोखतं. तुम्ही सांगितलं होतं तसंच. नुसतं ताक रोखत नाही. हे काचेच्या बशीत पाहिलं, माणसांवर नीट पाहायचं राहिलं आहे. चिखल हा शब्द माझा होता, तो मी पेपरातही मागे घेतला आहे. तुम्ही बसा. ताकात लसूण घातला तर काय होतं ते समक्ष सांगेन. वीरभद्रप्पा मीच. मला कन्नड येत नाही. म्हैसही नाही. जोतीराम ननवरे.’

शेवटच्या ओळी कडेनं उभ्या लिहाव्या लागल्या. चार वर्षांत पोस्टाचा दर वाढला होता, म्हणून छापील तिकिटाशेजारी आणखी एक चिकटवलं. पत्ता बघून घेतला. तो जालिंदर कंट्रोलरच्या अक्षरात होता, त्यामुळं निदान तिथं तरी माझी चूक होणार नव्हती.

सात रस्त्याच्या पेटीसमोर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी कार्ड पेटीच्या तोंडात घातलं आणि बोटं सुटेनात. ‘समक्ष सांगेन’ हे मी कशाला लिहिलं? आता जावं लागणार. त्या काय म्हणतील? रसवाला काय ओरडेल? ‘बुरशी’ शब्द त्यांना कळेल का, त्याऐवजी ‘गजकर्ण’ लिहायला हवं होतं का? शाई नीट वाळली होती ना?

पेटी उघडायला आलेला पोस्टमन किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन माझ्या मागं थांबला होता. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली.

‘आप्पा, टाकताय न्हवं?’

मी म्हणालो, हौदु. आणि बोटं सोडली.